पॅनेल नका निवडू, गच्ची बघा

ऑफिसात जेवणाच्या टेबलावर हल्ली एकच विषय. गावाकडच्या घरावर सोलर. आणि चर्चा कसली, तर मोनो पर्क घ्यायचं की टॉपकॉन, कार्यक्षमता बावीस टक्के की वीस. परवा एकाने तर एक्सेल शीट फिरवली, चौदा कॉलमची. एकाही कॉलममध्ये 'सावली' नाही! मंडळी, स्पष्टच बोलतो. आपण आयटीवाले सोलर पॅनेल मोबाईलसारखं घेतो, स्पेसिफिकेशन वाचून, आणि तिथेच माती खातो.

हे मी बोलू शकतो कारण ती माती मी खाल्लेली आहे. आणि पैसे बाबांच्या निवृत्तीचे होते.

साताऱ्याच्या घरावर ३.३ किलोवॉट बसवलं. सहा पॅनेल, त्यातल्या त्यात भारी. गच्ची कधी पाहिली? मे महिन्यात, सुट्टीला गेलो होतो तेव्हा, भर दुपारी. आता साताऱ्यात शून्य सावलीचा दिवस मेच्या मध्याच्या आसपासच येतो. सूर्य डोक्यावर, सावली पायाखाली. मला गच्ची कशी दिसणार, लख्ख! आग्नेय कोपऱ्यातली जिन्याची खोली आणि तिच्यावरची पाण्याची टाकी दिसत होती, पण ती डिसेंबरात काय करेल हे डोक्यातच आलं नाही. डिसेंबरात साताऱ्यातला सूर्य भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून ४९ अंशांपर्यंतच चढतो, तोही दक्षिणेला. सकाळी खोली आणि टाकीची लांबच लांब सावली वायव्येकडे पडते. नेमकी दोन पॅनेलांवर, अकरा वाजेपर्यंत.

पॅनेल एका माळेत जोडलेली असतात, सगळ्यांतून करंट एकच वाहतो. हल्ली बायपास डायोड असतात म्हणून अख्खी माळ बंद पडत नाही, पण सावलीतला भाग उत्पादनातून बाद होतो. दिवसाला बारा-तेरा युनिट धरले होते, त्या डिसेंबरात आठच्या वर गाडी जाईना.

आता त्या बावीस टक्क्यांचं बघू. ५५० वॉटचं पॅनेल ५५० वॉटचंच असतं, वीस टक्केवालं असो की बावीस. कार्यक्षमता जास्त म्हणजे तेवढ्याच वॉटला जागा कमी लागते, बास. ३ किलोवॉटला वीस टक्क्यांत साधारण १६१ चौरस फूट पॅनेल लागतं, बावीसमध्ये १४७. फरक एक सायकल उभी करण्याइतका. गच्ची हजार फुटांची असेल तर त्यासाठी जादा पैसे का मोजायचे? टॉपकॉन उन्हात कमी ढेपाळतं हे खरं, पण हिशोब करून बघा. सेल ६० अंशांवर गेला तरी पर्कच्या तुलनेत फायदा पावणेदोन टक्क्यांच्या घरात. माझ्या टाकीने त्याच्या कितीतरी पट खाल्लं.

पॅनेलबद्दल एक गोष्ट मात्र जरूर बघा. २०२४ साली आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजार अनुदान मिळतं, त्यासाठी पॅनेल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले लागतात. तेवढं तपासा आणि उरलेला सगळा वेळ गच्चीवर घालवा. सकाळी नऊ, दुपारी बारा, चार. शेजारच्या प्लॉटवर काय उठणार आहे याचीही चौकशी करा.

आणि विकणाऱ्याला दोन प्रश्न विचारा, जे मी विचारले नाहीत. पहिला, बिल शून्य म्हणजे काय? नेट मीटर तुम्ही दिलेल्या आणि घेतलेल्या युनिटांचा फरक मोजतं, पण स्थिर आकार येतोच. दुसरा, लाईट गेल्यावर काय? बसवून आठवडा झाला असेल, बाबांचा भर दुपारी फोन. "अरे, वर एवढं ऊन आहे, आपलं सोलर आहे, आणि पंखा का बंद?" काय सांगू? ऑन-ग्रिड इन्व्हर्टरला लाईन दिसेनाशी झाली की तो स्वतःला बंद करतो, खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून. बॅटरी नसेल तर सोलर असूनही अंधार. हे मला, इंजिनिअरला, आधी माहीत होतं. बाबांना सांगायचं राहिलं. त्यांनी आधीच जुना घरगुती इन्व्हर्टर भंगारात देऊन टाकला होता :-)

धंद्याचं गणित वेगळं. तिथे हे घरगुती अनुदान नाही, पण विजेचा दर चढा आणि वापर दिवसा, त्यामुळे वाचणारं प्रत्येक युनिट महागातलं. माझ्या मावसभावाचं वर्कशॉप आहे, पत्र्याची शेड. त्यालाही पॅनेलच्या ब्रँडचीच पडली होती. म्हटलं, दादा, एकेक पॅनेल पंचवीस-तीस किलोचं, वर वारा. आधी कैच्या हे वजन पेलतात का ते स्ट्रक्चरलवाल्याकडून बघून घे. त्याने बघून घेतलं, आणि आधी दोन कैच्या बदलाव्या लागल्या. पावसात त्याचा फोन आला होता, शिव्या नव्हत्या.

असो. या शनिवारी साताऱ्याला निघालोय. टाकीजवळची दोन पॅनेल पश्चिमेच्या कठड्याकडे हलवायची आहेत. बाबांनी डिसेंबरभर दर तासाला खडूने गच्चीवर सावलीच्या रेघा मारून ठेवल्यात. फोटो पाठवलाय, माझ्या एक्सेलपेक्षा बरा आहे.