सहा चौरस मीटरचं स्वयंपाकघर

गेल्या शुक्रवारी जेवताना आमच्या टीममध्ये वाद झाला. ॲप वापरणाऱ्याची कोणकोणती माहिती लॉग करायची हा विषय. एक जण म्हणाला, "अरे, ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, त्याचं कोणी ऐकलं म्हणून काय बिघडतं?" मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. (माझं नेहमीचंच आहे हे. शुक्रवारच्या वादाचं उत्तर मला शनिवारी सुचतं!) आणि या वेळी ते सापडलं भलत्याच ठिकाणी, सोव्हिएत काळातल्या स्वयंपाकघरात.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा तिथल्या शहरांत घरांची अवस्था फार वाईट होती. युद्धाने गावंच्या गावं उद्ध्वस्त केलेली, आणि 'कोमुनाल्का' तर त्याही आधीपासूनची. म्हणजे एकच मोठा फ्लॅट, प्रत्येक खोलीत एक कुटुंब, आणि स्वयंपाकघर, संडास, नळ सगळ्यांत मिळून. कोणाकडे आलात तर बेल किती वेळा वाजवायची हेसुद्धा ठरलेलं. चाळीत दिवस काढलेल्या माणसाला यातलं अर्धं चित्र लगेच समजेल. उरलेलं अर्धं मात्र वेगळं आहे. चाळीत शेजारणीने काही ऐकलं तर फार तर चार घरी चर्चा व्हायची. स्टालिनच्या काळात शेजाऱ्याने वर एक चिठ्ठी पाठवली तर माणूस छावणीत जाऊ शकत होता. आणि त्या चिठ्ठीमागे कधीकधी राजकारण नसायचंच, त्याची खोली हवी असायची!

१९५३ मध्ये स्टालिन गेला. ३१ जुलै १९५७ ला ख्रुश्चेव्हच्या सरकारने घरबांधणीचा मोठा निर्णय जाहीर केला. कारखान्यात भिंती ओतायच्या, जागेवर आणून जोडायच्या. बहुतेक इमारती पाच मजली, कारण तेवढ्या उंचीला लिफ्ट नसली तरी चालायची. छत बुटकं, भिंती पातळ, स्वयंपाकघर पाच-सहा चौरस मीटरचं. लोकांनी या घरांना 'ख्रुश्चोव्का' म्हटलं, आणि चिडून 'ख्रुश्चोबा' पण म्हटलं, कारण रशियन भाषेत 'त्रुश्चोबा' म्हणजे गलिच्छ वस्ती. तरीही तिथे जागा मिळावी म्हणून लोक जीव टाकत. शोस्ताकोविचसारख्या मोठ्या संगीतकाराने मॉस्कोतल्या अशाच एका नव्या वसाहतीवर ऑपेरेटा केली, 'मॉस्को, चेर्योमुश्की', १९५९ साली.

या घरांत सगळंच कमी होतं. पण एक गोष्ट होती जी कोमुनाल्कामध्ये नव्हती. घराला स्वतःचं दार होतं.

माझं मत विचाराल तर हा त्या काळातला सर्वात मोठा राजकीय बदल होता, आणि तो कोणी ठरवून केला नव्हता. आमच्या भाषेत सांगायचं तर अनडॉक्युमेंटेड फीचर! सरकारला घरं द्यायची होती, स्वातंत्र्य नव्हे. पण दार लावून घेता येतं म्हटल्यावर लोक त्या चिमुकल्या टेबलाभोवती बसून बोलायला लागले. चहा, सिगरेटी, नेत्यांवरचे विनोद. टेपरेकॉर्डरवर विसोत्स्कीची गाणी, एका टेपवरून दुसऱ्या टेपवर उतरवलेली. टाइपरायटरमध्ये कार्बन घालून एका वेळी चार-पाच प्रती काढलेली पुस्तकं, एका रात्रीत वाचून पुढच्याला द्यायची. मी रोज शंभर वेळा कॉपी-पेस्ट करतो. एका कॉपीसाठी नोकरी जाईल, कदाचित तुरुंगात जावं लागेल, ही कल्पनाच मला नीट करता येत नाही. मानवी हक्कांच्या पायमल्लीची नोंद ठेवणारं 'चालू घटनांचा वृत्तांत' हे टाइप केलेलं पत्रक १९६८ पासून सुमारे पंधरा वर्षं असंच हातोहात फिरलं.

आणि टेलिफोन? त्यातून आपलं बोलणं ऐकतात असा समज होता, म्हणून पाहुणे आले की काही जण त्याच्यावर उशी ठेवायचे.

आता कोणी म्हणेल, नुसतं बोलून काय झालं? रात्री स्वयंपाकघरात सरकारला शिव्या घालणारा माणूस सकाळी सभेत ठरावाच्या बाजूने हात वर करायचाच की. खरं आहे. २ जून १९६२ ला नोव्होचेर्कास्कमध्ये मांस-लोणी महागलं म्हणून रस्त्यावर आलेल्या कामगारांवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि पेपरात ओळसुद्धा आली नाही. स्वयंपाकघरातल्या धाडसाला मर्यादा होत्याच. पण माणसाला अर्धवट, कच्चं, कदाचित चुकीचंही बोलता येईल अशी एक जागा लागते. आपण तरी पहिल्याच फटक्यात कोड मेन ब्रँचमध्ये टाकतो का?

आता त्या शुक्रवारच्या प्रश्नाकडे येतो. त्या टेबलाभोवती बसलेल्यांकडे तरी लपवण्यासारखं काय होतं? विनोद, गाणी, कथा. पण सिन्याव्स्की आणि डॅनिएल या दोन लेखकांना फेब्रुवारी १९६६ मध्ये शिक्षा झाली ती टोपणनावाने परदेशात छापलेल्या साहित्यासाठी. एकाला सात वर्षं, दुसऱ्याला पाच वर्षं श्रमछावणी. थोडक्यात, 'लपवण्यासारखं' काय आहे हे आपण ठरवत नाही. ऐकणारा ठरवतो, आणि त्याची व्याख्या उद्या बदलू शकते. कालचं लॉग मात्र तसंच राहतं.

हा लेख लिहिताना माझा मोबाइल टेबलावरच होता. उशी शोधायला उठलो नाही, पण हसू मात्र आलं. त्यांना निदान ठाऊक तरी होतं की टेलिफोन कुठे ठेवलाय. आपण तो स्वतःच खिशात घालून स्वयंपाकघरात नेतो.

असो. सोमवारी मी एवढंच म्हणणार आहे की त्या लॉगमधली ज्यांची गरज नाही ती फील्ड्स काढून टाका. ऐकतील का, माहीत नाही. तुम्ही असता तर काय केलं असतं?