ठोसा आणि खरेदीखत

‘ब्लडहाउंड्स’ ही कोरियन मालिका जून 2023 मध्ये नेटफ्लिक्सवर आली. आठ भाग, दिग्दर्शक किम जू-ह्वान, कथानकाचा आधार एक लोकप्रिय वेबटून. दोन तरुण मुष्टियोद्धे सोलमधल्या सावकारी टोळीला भिडतात, एवढी तिची गोष्ट. बहुतेक प्रेक्षक ती मारामारीसाठी पाहतात आणि मारामारी आहेही अस्सल. चाकू घेतलेली दहा माणसे अंगावर येत असताना त्या दोघांपैकी एक, गन-वू, हनुवटी खाली घालून, कोपरे बरगड्यांशी धरून, पायांवर हलत राहतो. वू दो-ह्वान आणि ली सांग-यी या दोघा अभिनेत्यांनी मुष्टियुद्धाची लय अंगात मुरवली आहे, हे जाणकाराला लगेच कळते. पण वऱ्हाडातल्या माणसाने ही मालिका पाहावी ती सुरुवातीच्या एका सहीसाठी.

गन-वूची आई एक छोटे कॅफे चालवते. करोनाचे दिवस आहेत, गिऱ्हाईक नाही, भाडे थकले आहे. अशा वेळी कमी व्याजाच्या कर्जाचा दिलासा घेऊन ‘स्माइल कॅपिटल’ दारात येते. आई करार पुरता न वाचता सही करते. पुढे त्याच कराराच्या आधारे कर्ज कितीतरी पटींनी फुगते आणि वसुलीची माणसे कॅफे फोडतात. कंपनीचा प्रमुख किम म्योंग-गिल याच्या टोळीत हात चालवणारे पुष्कळ आहेत, पण त्याची खरी ताकद आहे सही केलेला कागद. ठोसे नंतर येतात.

हे नुसते पटकथेचे कसब नाही. दक्षिण कोरियात व्याजावर मर्यादा घालणारा 1962 चा कायदा होता. 1997 च्या आर्थिक संकटानंतर, नाणेनिधीच्या दडपणाखाली, जानेवारी 1998 मध्ये तो रद्द झाला आणि खासगी सावकारांना रान मोकळे मिळाले. 2002 मध्ये नवा कायदा आला, तेव्हा ठरवलेली कमाल मर्यादाच वर्षाला 66 टक्के होती! पुढची एकोणीस वर्षे ती टप्प्याटप्प्याने खाली येत गेली आणि जुलै 2021 मध्ये 20 टक्क्यांवर थांबली. मर्यादा खाली आल्यावर ज्यांना कायदेशीर दारातून कर्ज मिळेना, ते मागच्या दाराने गेले. मालिकेतली आई त्या मागच्या दाराशी उभी आहे.

आता कोरियातून वऱ्हाडात, गुरुकुंज मोझरीला येऊ. अमरावती–नागपूर रस्त्यावरचे तिवसा तालुक्यातले हे गाव. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 1935 मध्ये इथे आश्रम उभा केला. त्यांच्या ग्रामगीतेत गरिबी-श्रीमंतीवर स्वतंत्र अध्याय आहे. या भागात कुणाला शेतकऱ्यांच्या नावाने काही सुरू करायचे असेल, तर तो आधी इथे येतो. 2019 मध्ये देवेंद्र फडणवीस यांची महाजनादेश यात्रा मोझरीहूनच निघाली. 8 जून 2025 ला बच्चू कडू कर्जमाफीसाठी इथेच उपोषणाला बसले आणि 14 जूनला उठले. ऑक्टोबरच्या अखेरीस नागपुरात ट्रॅक्टर घेऊन मोठे आंदोलन झाले आणि 30 जून 2026 पर्यंत कर्जमाफीचा निर्णय घेण्याचा शब्द सरकारकडून मिळाला.

आंदोलन रास्त होते. पण कर्जमाफी म्हणजे बँकेची आणि सोसायटीची. ज्याचे नाव बँकेच्या यादीत आहे, त्याच्यापुरती ती चर्चा. जो थकबाकीदार झाल्यामुळे बँकेने दारातूनच परत पाठवला आणि ज्याने पेरणीसाठी शेकडा पाचने पैसे उचलले, त्याच्या कर्जाची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही. शेकडा पाच म्हणजे महिन्याला शंभरामागे पाच, वर्षाला 60 टक्के. शेकडा दहा म्हणजे वर्षाला 120. वऱ्हाडात हे आकडे ऐकून कुणाची भुवई उंचावत नाही.

वऱ्हाडी सावकार कॅफे फोडत नाही. त्याला त्याची गरजच पडत नाही. तो शेतकऱ्याला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेतो आणि कर्जाच्या बदल्यात दोन-चार एकरांचे रीतसर खरेदीखत करून घेतो. पैसे फिटले की वावर परत, हा शब्द तोंडी. फार तर साध्या कागदावर एक सौदाचिठ्ठी. पुढच्या हंगामात शेतकरी त्याच वावरात पऱ्हाटी लावतो, त्यामुळे गावाला काही बदलल्यासारखे वाटत नाही. दरम्यान फेरफार होतो, सातबाऱ्यावर सावकाराचे नाव चढते. तीन-चार वर्षांनी शेतकरी पैसे घेऊन जातो, तेव्हा सावकार म्हणतो की ही तर विक्री होती. मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यानुसार, शर्तीच्या विक्रीला गहाण ठरवायचे असेल तर परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली लागते. वेगळ्या चिठ्ठीतली चालत नाही. नोंदणी झालेल्या दस्ताविरुद्ध तोंडी पुरावा दिवाणी न्यायालयात फारसा टिकत नाही. सही शेतकऱ्याची, अंगठा शेतकऱ्याचा, साक्षीदार सावकाराचे. गन-वू इथे आला असता तर त्याने ठोसा कुणाला मारला असता?

आणि समजा, पीडित माणूस पोलिसांकडे गेला तर? बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावचे प्रकरण यासाठी आठवले पाहिजे. 2006 च्या मे महिन्यात एका शेतकऱ्याने गोकुळचंद सानंदा यांच्याविरुद्ध अवैध सावकारीची तक्रार केली. त्यांचे चिरंजीव दिलीपकुमार सानंदा तेव्हा खामगावचे आमदार होते. मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांच्या खासगी सचिवाचा दूरध्वनी आला आणि त्याची नोंद पोलिस ठाण्याच्या डायरीतच झाली. पाठोपाठ 5 जून 2006 ला जिल्हाधिकाऱ्यांचे पत्र निघाले, की या कुटुंबाविरुद्धची तक्रार आधी जिल्हा समितीपुढे ठेवावी, सरकारी वकिलाचे मत घ्यावे आणि मगच गुन्हा नोंदवावा. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा हस्तक्षेप बेकायदा ठरवून 25 हजार रुपयांचा खर्च राज्यावर बसवला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे डिसेंबर 2010 मध्ये न्यायमूर्ती सिंघवी आणि न्यायमूर्ती गांगुली यांच्या पीठाने तो 25 हजारांचा आकडा 10 लाखांवर नेला.

तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. जिल्हाधिकाऱ्यांचे ते पत्र 5 जूनचे. त्याच महिन्याच्या शेवटी पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर करून गेले. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशिम, वर्धा यांच्याबरोबर त्या सहात बुलढाणाही होता. एकाच जिल्ह्यात एकाच महिन्यात शेतकऱ्याच्या नावाने कोट्यवधी येत होते आणि शेतकऱ्याची तक्रार अडवली जात होती. ‘ब्लडहाउंड्स’मध्ये गुन्हेगार आणि वजनदार माणसे यांचे साटेलोटे अनेक प्रसंगांतून उलगडते. खामगावात त्याला एक दूरध्वनी आणि एक पत्र पुरले.

कागदाची ही ताकद मराठी शेतकऱ्याने दीडशे वर्षांपूर्वीच ओळखली होती. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी लोक सावकारांच्या पेढ्यांवर चालून गेले आणि पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. इतिहासकार ज्याला दख्खनचे दंगे म्हणतात, त्यात जीवघेणे हल्ले फार थोडे झाले. जमावाला हवी होती कर्जखते. सावकाराने ती निमूट दिली तर त्याला हात लागत नसे. कागद चौकात जळत. इंग्रज सरकारने नेमलेल्या आयोगाने हे नोंदवले आणि 1879 च्या कायद्याने न्यायालयांना कर्जखताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार मिळाला. त्या अनाम माणसांची समज या स्तंभाला कुठल्याही पडद्यावरच्या नायकापेक्षा मोठी वाटते. वऱ्हाड मात्र निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला वेगळा मुलूख, त्यामुळे तो कायदा इकडे आला नाही. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी कर्जनिवारणाचा कायदा व्हायला 1939 उजाडले.

आजचा कायदा त्याच विचाराचा वारस आहे आणि तो चांगला आहे, हे मोकळेपणी सांगितले पाहिजे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 नुसार परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारण कर्जावर वर्षाला 9 आणि विनातारण कर्जावर 12 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही; इतरांकडून 15 आणि 18. चक्रवाढ व्याजाला बंदी. परवान्याशिवाय सावकारी केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा 50 हजार दंड, किंवा दोन्ही. कर्जदाराचा पाठलाग करणे, त्याच्या घराभोवती घुटमळणे, त्याला धमकावणे हाही गुन्हा. सर्वांत महत्त्वाचे कलम 18. सावकारीच्या ओघात बळकावलेली, गेल्या पंधरा वर्षांतली जमीन असेल, तर सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधक चौकशी करून ते खरेदीखत अवैध ठरवू शकतात आणि जमीन मूळ मालकाला परत देऊ शकतात. दिवाणी न्यायालयात जो तोंडी व्यवहार टिकत नाही, तो इथे तपासला जातो. अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे करता येतो.

अडचण पुढे सुरू होते. उपनिबंधकाच्या आदेशावर विभागीय सहनिबंधकांकडे अपील, त्यावर नागपूर खंडपीठात याचिका. सावकाराचा वकील प्रत्येक पायरीवर हजर असतो. शेतकऱ्याला प्रत्येक तारखेला मजुरी बुडवून बसचे तिकीट काढावे लागते. जमिनीचा ताबा दरम्यान कुणाकडे असतो, हे सांगायला नको.

डिसेंबर 2025 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याची हकीकत राज्यभरच्या वृत्तपत्रांत आली. 1 लाखाचे कर्ज सावकारांनी 74 लाखांवर नेले आणि ते फेडण्यासाठी कंबोडियात जाऊन मूत्रपिंड विकावे लागले, अशी त्याची तक्रार होती. कोणत्याही कोरियन पटकथाकाराला सुचले नसते असे हे कथानक कायदा होऊन अकरा वर्षे उलटल्यावर घडले.

याच काळात कोरियाने काय केले? जुलै 2025 पासून तिथे वर्षाला 60 टक्क्यांहून अधिक व्याजाचा करार मुळातच निरर्थक ठरतो. व्याज तर नाहीच, मुद्दलही परत करण्याचे बंधन राहत नाही. 60 टक्के म्हणजे आपला शेकडा पाच. ही तरतूद इथे असती, तर शेकडा सहाने पैसे देणाऱ्याला मुद्दलावरही पाणी सोडावे लागले असते. आपला कायदा सावकाराला तुरुंगाची भीती घालतो, जी खटला उभा राहिला तरच खरी ठरते. भांडवल बुडण्याची भीती पैसे देण्याच्या क्षणीच काम करते. महाराष्ट्राने ही तरतूद जशीच्या तशी उचलावी, असे या स्तंभाचे ठाम मत आहे.

मालिकेचा दुसरा जिव्हाळ्याचा धागा मुष्टियोद्ध्यांचा. गन-वू आणि वू-जिन नवोदितांच्या स्पर्धेत एकमेकांविरुद्ध उभे राहतात, लढत संपल्यावर मित्र होतात. पदक आहे, पैसे नाहीत. अध्यक्ष चोई हा एके काळचा बडा सावकार आता आजारी माणसांना बिनव्याजी कर्ज देतो. तो या दोघांना हाताशी धरतो, म्हणून ते योग्य बाजूला राहतात. त्याच्या आधी स्माइल कॅपिटलने गाठले असते तर? टोळीतली कितीतरी पोरे अशीच कमावलेल्या शरीराची आहेत.

वऱ्हाडाला ही भीती परकी नाही, कारण इथे शरीर कमावण्याची परंपरा जुनी आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चे. त्याच्या चमूने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. अकोल्यात राज्य शासनाची बॉक्सिंगची क्रीडा प्रबोधिनी आहे. शेतमजुरांचे, ऑटोचालकांचे पोट्टे पहाटे उठून हाताला पट्ट्या बांधतात. विदर्भाच्याच, नागपूरच्या अल्फिया पठाणने एप्रिल 2021 मध्ये पोलंडमध्ये युवा जागतिक स्पर्धेत सुवर्ण जिंकले. तिच्यासारख्या पदकविजेत्यांसाठी सरकारी नोकऱ्यांत 5 टक्के आरक्षण आहे. पण प्रत्येक वजनगटात एकच सुवर्ण असते. बाकीचे विशी ओलांडतात, वाहन कर्जाच्या वसुलीला किंवा एखाद्या पुढाऱ्याच्या मागे उभे राहायला त्यांना बोलावणे येते आणि महिन्याकाठी मिळणारे पैसे घरी लागतातच. व्यायामशाळा आणि शाळा यांतून शिक्षक म्हणून, पोलिस भरतीच्या मैदानावर प्रशिक्षक म्हणून त्यांना जागा मिळणे हा सावकारीविरोधी धोरणाचाच भाग मानायला हवा.

राहिला एक शासन निर्णय. शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला 1 लाख रुपयांची मदत मिळते, तिचे निकष 2005–06 मध्ये ठरले. त्यात मृताच्या नावे कर्ज असावे लागते. राष्ट्रीयीकृत बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे. 2015 मध्ये सरकारने विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांचे सावकारी कर्ज माफ केले, तेही परवानाधारकांचेच. ज्याने बेकायदा सावकारामुळे गळफास घेतला, त्याचे प्रकरण तहसीलदाराच्या फायलीत ‘अपात्र’ ठरू शकते, कारण त्याच्या कर्जाला कागद नाही. हा निकष बदलायला विधिमंडळात विधेयक आणावे लागत नाही. पोलिसांत किंवा सहायक निबंधकाकडे दाखल असलेली तक्रार आणि ग्रामसभेचा पंचनामा कर्जाचा पुरावा मानावा, एवढे एक वाक्य महसूल विभागाने त्या निर्णयात घालायचे आहे.