पहाराही हळूहळूच कमी करायचा असतो

"मग, आता एकदम बरी ना?"

गेल्या तीन महिन्यांत हा प्रश्न मला किती जणांनी विचारला याची मोजदाद नाही. फोनवर, जिन्यात, भाजी घेताना. विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, त्यामुळे मीही "हो हो, एकदम" म्हणून मोकळी होते. पण खरं उत्तर इतकं छोटं नाही. तुम्हा घरच्या मंडळींपैकी बरेचजण हे वाचणार आहात, तेव्हा एकदा सविस्तरच सांगते.

मला अकरावीपासून फिट येतात. म्हणजे सतरा वर्षं. तुमच्यापैकी काहींनी त्यातल्या मोठ्या पाहिल्या आहेत, लग्नाच्या मांडवातली वगैरे. पण माझ्या बहुतेक फिट छोट्याच असायच्या. बोलता बोलता नजर थिजायची, बोटं ओढणीशी चाळा करायची, आणि एक-दोन मिनिटांनी मी परत यायचे, ते "काय म्हणत होतीस?" विचारतच. आकडी, फेफरं, मिरगी, अपस्मार अशी पुष्कळ नावं आहेत या आजाराला. योग्य निवडलेली दोन औषधं नीट घेऊनही फिट थांबत नसतील, तर तो औषधांना न जुमानणारा अपस्मार समजतात. साधारण एक तृतीयांश रुग्णांचं असं होतं. मी त्यातलीच. माझ्या डाव्या कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात, एक जुना व्रण होता. फिटची सुरुवात तिथूनच व्हायची, म्हणून तेवढा भाग काढून टाकला.

"मेंदूचं ऑपरेशन? बापरे!" हेही पुष्कळ ऐकलं. पण हा काही कालपरवाचा प्रयोग नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत 1995 पासून अशी ऑपरेशनं होतात. कॅनडात 80 रुग्णांची चाचणी झाली होती, निम्म्यांना ऑपरेशन आणि निम्म्यांना फक्त औषधं. 2001 साली तिचे निष्कर्ष छापून आले. वर्षअखेर शुद्ध हरपणाऱ्या फिटपासून मुक्त होते ते ऑपरेशनच्या गटात 58 टक्के आणि औषधांच्या गटात 8 टक्के. दिल्लीच्या एम्सने 116 मुलांवर केलेल्या चाचणीत (2017) हेच आकडे 77 आणि 7 होते. फरक केवढा आहे ते दिसतंच, पण 77 म्हणजे 100 नव्हे, हेही दिसतं. "एकदम बरी ना?" चं उत्तर आज कुणीच देऊ शकत नाही, ते एवढ्याचसाठी.

आता घरातलं बरं होणं. जखम हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. टाके निघाले, केस उगवताहेत. कानशिलाजवळचा स्नायू कापावा लागतो, त्यामुळे जबडा नीट उघडत नव्हता. पहिले पंधरा दिवस मऊ भात आणि खिमटी. थकवा मात्र असा, की डोकं विंचरून झालं की पुन्हा आडवं व्हावंसं वाटायचं. शब्दही सापडत नाहीत. परवा किसणी हा शब्द सुचेना, शेवटी "ते खोबऱ्याचं दे गं" म्हटलं. डाव्या बाजूच्या ऑपरेशननंतर असं होतं. आणि एक गोष्ट कुणी फारशी बोलत नाही, ती म्हणजे रडू. सगळं चांगलं चाललेलं असताना, दुपारी तीन वाजता, काही कारण नसताना. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांत उदास वाटणं अनेकांना होतं. ते लपवायचं नाही, डॉक्टरांना सांगायचं. मी सांगितलं.

या तीन महिन्यांत मला दोन प्रकारचे सल्ले मिळाले. पहिला: "ऑपरेशन झालं ना, मग आता गोळ्या कशाला?" मंडळी, गोळ्या चालूच राहतात. बहुतेक ठिकाणी निदान वर्षभर, पुष्कळदा त्याहून जास्त. नंतर सगळं ठीक असेल तर डॉक्टरच एकेक करून, हळूहळू कमी करतात. गोळी एकदम तोडली तर फिट उसळून येऊ शकते. दुसरा सल्ला अगदी उलटा: "आता तर जास्तच जपायला हवं, एकटीला कुठे सोडू नका."

माझं म्हणणं असं, की गोळ्यांचा नियम घरालाही लावावा. सतरा वर्षं आमच्या घराने पहारा दिला आहे. न्हाणीघराची कडी मी आतून लावायची नाही, गॅसपाशी एकटीने उभं राहायचं नाही. मी वाण्याकडे निघाले की बाबांना "सहज" पाय मोकळे करावेसे वाटतात, आणि ते दहा पावलं मागे राहून चालतात. आई तर या सतरा वर्षांत मावशीकडे कोल्हापूरला एकही रात्र राहिलेली नाही. तिची झोप इतकी सावध झाली आहे की मी कूस बदलली तरी तिला कळतं. ऑपरेशन माझं झालं, पण ही सवय तिच्यात आहे, ती कुठला सर्जन काढणार?

हा पहारा एका दिवसात उठवा असं मी म्हणत नाही. तसं करणं म्हणजे गोळी एकदम तोडण्यासारखंच. शिवाय उद्यापासून मीही धडाधड सगळं करायला लागेन, नोकरी, लग्न, स्कूटर, अशी अपेक्षा लगेच उभी राहते. मेलबर्नच्या संशोधकांनी याला सामान्यपणाचं ओझं असं नाव दिलं आहे, आणि ते मला चपखल वाटतं. पण पहारा आहे तसाच ठेवला, तर मग डोकं उघडलं कशासाठी?

म्हणून आम्ही डॉक्टरांना विचारून टप्पे ठरवले आहेत. दार लोटून अंघोळ झाली, आता कडी लावून, पण बादलीनेच आणि घरात कुणीतरी असताना. बाबा दहा पावलांवरून आता आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंतच येतात. गॅस अजून नाही. स्कूटरचा तर विषयच नाही. एखादा टप्पा चुकला, फिट आली, तर एक पायरी मागे जायचं.

आणखी एक. "आता कुणाला सांगूच नका, स्थळं बघायला सोपं जाईल," असंही कानावर आलं. हिंदू विवाह कायद्यातून आणि विशेष विवाह कायद्यातून अपस्माराचा उल्लेख 1999 सालीच काढला गेला. कायद्याने जे सोडलं ते आपण का धरून बसायचं? माझ्या डोक्यावरचा व्रण केसांनी झाकला जाईल, पण तो लपवण्यासाठी मी केस वाढवत नाहीये.

असो. फार लांबलं. तुम्हाला माझ्यासाठी काही करावंसं वाटत असेल, तर फोन मला करू नका, आईला करा. माझी तब्येत विचारण्याआधी तिची झोप विचारा. आणि कोल्हापूरची मावशी, तू तिला दोन दिवस राहायलाच बोलाव. ती नाही म्हणेल, कारणं सांगेल, गोळ्यांच्या वेळा सांगेल. ऐकू नकोस. गोळ्यांचा डबा मी स्वतः भरते, रात्री दादा-वहिनी इथे झोपायला येणार आहेत, त्यांच्याशी बोलणं झालंय. पहिल्यांदा एकच रात्र पुरे.