वाचनालय पाडाल तर काय गमवाल?



मासळीची पाटी किंवा भाजीचा भारा घेऊन तुम्ही पेडण्याच्या, डिचोलीच्या, साखळीच्या बाजारात येता. मामलेदार कचेरीत खेटे घालता. त्याच वाटेवर एखादे जुने वाचनालय असते आणि कोणाच्या तरी स्मरणार्थ उभारलेले सभागृह असते. डिचोलीचे हिराबाई झांट्ये स्मृती सभागृह कोणाला ठाऊक नाही? अशा वास्तूंसमोरून आपण रोज जातो. आत मात्र किती जण जातो, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

हा प्रश्न आजच विचारण्याचे कारण आहे. २०२३ च्या जानेवारीत मोपाच्या विमानतळावरून विमाने उडू लागली आणि पेडणे तालुक्यातील जमिनीचा भाव आकाशाला भिडला. डिचोलीही फार मागे नाही. अशा वेळी गावच्या मध्यावर असलेली कौलारू वास्तू काहींच्या डोळ्यांत भरते. "वाचायला कोण येतो? पाडा आणि दुकाने काढा, संस्थेला भाडे तरी मिळेल," अशी भाषा सुरू होते. बोलणारे नेहमीच दुष्ट असतात असे नाही. कौले गळतात, वर्गणी येत नाही, ग्रंथपालाचा पगार निघत नाही, हे खरेच आहे. तरीही आमचे स्पष्ट मत आहे की हा सौदा आतबट्ट्याचा आहे.

वारसा म्हटला की आपल्याला काय आठवते? जुन्या गोव्यातील चर्चे १९८६ साली जागतिक वारसा ठरली. आपल्या भागात तेरेखोल आणि हळर्णचे किल्ले आहेत, देशप्रभूंचा वाडा आहे, नार्व्याचे सप्तकोटेश्वर आहे. हे सर्व जपलेच पाहिजे. पण किल्ला राजाने बांधला, वाडा जमीनदाराने. वाचनालय मात्र गावाने बांधले. कोणी जागा दिली, कोणी चिरे दिले, कोणी आपल्या मृत आप्ताच्या नावे चार पैसे दिले. सामान्य माणसाचा सार्वजनिक वारसा म्हणून दाखवावी अशी दुसरी वास्तू तालुक्याच्या गावात शोधून काढा, सापडणे कठीण.

थोडा इतिहास आठवा. पोर्तुगीज सरकारने १६८४ साली हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. आपले तालुके त्यांच्या ताब्यात गेले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि तेही इथल्या रीतिरिवाजांना हात न लावण्याच्या बोलीवर. म्हणून देवळातले पोथीवाचन चालू राहिले आणि अक्षर जिवंत राहिले. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले, हिंदूंना थोडा मोकळा श्वास मिळाला आणि शाळा-वाचनालये निघू लागली. मडगावचे गोमंत विद्या निकेतन १९११ चे. पुढे सालाझारच्या राजवटीत छापील अक्षरावर सेन्सॉरची कात्री आली. संस्थेच्या घटनेलासुद्धा सरकारची मंजुरी लागे. अशा काळात चार माणसांनी पुस्तकाच्या निमित्ताने एकत्र बसणे ही लहानसहान गोष्ट नव्हती.

शेजारी पाहा. सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ चे, वेंगुर्ल्याचे नगर वाचनालय १८७१ चे. पेडण्याहून ही गावे किती लांब? तिथल्या लोकांना आपल्या वाचनालयाचे साल तोंडपाठ असते. आपल्या गावच्या वाचनालयाचे साल आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

तुम्ही म्हणाल, "मास्तर, आम्ही नांगर धरणारी, रापण ओढणारी माणसे. पुस्तकांशी आमचा काय संबंध?" संबंध आहे. मुक्तीनंतर १९६२ साली पणजीहून 'गोमन्तक' दैनिक निघू लागले. आमच्या लहानपणी बाजाराच्या दिवशी वाचनालयाच्या ओट्यावर एक निवृत्त गृहस्थ मोठ्याने वर्तमानपत्र वाचत. ज्यांना अक्षर येत नव्हते ते पाटी खाली ठेवून ऐकत. १९६४ चा कुळकायदा, १९७५ चा मुंडकार कायदा, कसणाऱ्याला जमिनीचा मालक करणारी १९७६ ची दुरुस्ती, ट्रॉलरना किनाऱ्यालगत मज्जाव करणारा १९८० चा मासेमारी कायदा, हे सारे अनेकांच्या कानी पडले ते अशा ओट्यांवर. ज्याला ते कळले त्याने अर्ज केला. ज्याला कळले नाही त्याची जमीन गेली. वाचनालयाचे मोल यापेक्षा वेगळे काय सांगायचे?

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. या ओट्याची पायरी पहिल्या दिवसापासून सर्वांना सारखी खुली होती असे नाही. काहींना ऐकायला बसू दिले, खुर्चीवर नाही. पण म्हणून वास्तू पाडणे हा उपाय नव्हे. उशिरा का होईना, जी पायरी तुमची झाली तिच्यावर हक्काने पाय ठेवणे हाच उपाय.

स्मारकाचेही तसेच. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीला पंजाबच्या कर्नैलसिंगांनी छातीवर गोळी झेलली. तिथल्या हुतात्मा स्मारकापुढे आपण वर्षातून एकदा हात जोडतो. स्मृती सभागृहात मात्र ती आठवण रोज वापरात राहते. मुलांची वक्तृत्व स्पर्धा होते, भजन होते, शिगम्यात नाटक होते, शेतकऱ्यांची सभा भरते. ज्याच्या नावे वास्तू आहे त्याचे नाव अशा वापरानेच टिकते. कुलूप लावलेल्या सभागृहावरील पाटी म्हणजे केवळ रंगवलेला पत्रा.

मग करायचे काय? रडगाणे पुरे, चार कामे सांगतो.

पहिले, आपल्या गावच्या वाचनालयाचा एक-चौदाचा उतारा काढून पाहा. आपल्या शेताचा काढता तसाच. जागा कोणाच्या नावावर आहे हे आजच कळले तर उद्या फसगत होणार नाही.

दुसरे, दाखल नोंदवही शोधा आणि पुस्तके त्याप्रमाणे मोजा. काय आहे हेच ठाऊक नसेल तर काय गेले हे कधीच कळणार नाही. जुन्या अंकांच्या फायली वाळवीने आणि कसरीने संपण्याआधी त्यांची छायाचित्रे घ्या. आज ते काम हातातल्या फोनवरही होते. यात आवडते-नावडते करू नका. कोकणीचे कैवारी शणै गोंयबाब १८७७ साली डिचोलीतच जन्मले. मत पटो वा न पटो, त्यांची पुस्तकेही आपल्याच कपाटात हवीत.

तिसरे, दुरुस्ती मिरगाच्या आधी. फुटके कौल वेळीच बदलले तर वासा वाचतो. वासा कुजला की छप्पर जाते आणि मग "धोकादायक इमारत" म्हणायला लोक तयारच असतात. चिऱ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा फासू नका, ओल आत कोंडते. चुना बरा.

चौथे, वाचनालय संध्याकाळी उघडे ठेवायला लावा. सकाळी दहाला कोणता शेतकरी वाचायला येणार? जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात. त्या दोन महिन्यांत हरमल-मोरजीपर्यंत पुस्तकपेटी नेली तर वाचक नाहीत ही ओरड आपोआप थांबेल. गोव्यात १९९३ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. त्याखाली काय मदत मिळू शकते याची चौकशी चालकांनी केली पाहिजे, आणि ती केली का हे तुम्ही ग्रामसभेत, पालिकेत विचारले पाहिजे.

नार्व्याच्या देवळावर शिवछत्रपतींच्या १६६८ च्या जीर्णोद्धाराचा शिलालेख आहे. साडेतीनशे वर्षांनंतरही ती देवनागरी अक्षरे आपण बोटाने दाखवतो, कारण ती दगडावर आहेत. वाचनालयातली अक्षरे कागदावर आहेत, ती इतकी वाट पाहणार नाहीत. दुकाने कुठेही बांधता येतील. गावाने वर्गणी काढून उभारलेले वाचनालय एकदा पाडले की पुन्हा उभारायला तो गाव, ती माणसे आणि तो काळ कुठून आणणार? पुढच्या बाजाराच्या दिवशी पाटी रिकामी झाली की घरी परतण्यापूर्वी एकदा ती पायरी चढा. आत जाऊन नाव नोंदवा. एवढीच आमची विनंती.