कारकून नव्हे, विश्वासाचा राखणदार

वाणिज्य शाखेची पदवी हाती पडली, की मराठी मध्यमवर्गीय घरात बहुधा दोनच वाटांची चर्चा होते : सी.ए. किंवा बँक. सी.ए. अर्धवट राहिलेला मुलगा तर घराच्या लेखी हरलेलाच! अशा तरुणास पुण्या-मुंबईतील एखादी वित्तीय कंपनी प्रशिक्षणार्थी फंड अकाउंटंट म्हणून घेते, तेव्हा ‘म्हणजे कारकुनीच ना?’ असा प्रश्न घरातूनच येतो.

हा प्रश्न अज्ञानमूलक आहे. फंडाजवळील रोखे, रोकड व येणे यांचे त्या दिवसाचे मूल्य काढावयाचे, त्यातून देणी व खर्च वजा करावयाचे आणि उरलेल्या रकमेस युनिटांच्या संख्येने भागावयाचे. हेच निव्वळ मालमत्ता मूल्य, अर्थात एनएव्ही. सूत्र शाळकरी वाटते. परंतु एखाद्या लाभांशाची नोंद राहिली तरी आकडा चुकतो आणि त्या दिवशी पैसे काढणाऱ्याचे किंवा गुंतविणाऱ्याचे नुकसान होते.

या आकड्याचे मोल या समाजाने अनुभवले आहे. १९६४ मध्ये सुरू झालेल्या ‘यूएस-६४’ योजनेत युनिटांचे दर मालमत्तेच्या प्रत्यक्ष मूल्याशी जोडलेले नव्हते. जुलै २००१ मध्ये खरेदी-विक्री थांबवावी लागली आणि असंख्य निवृत्तांची पुंजी अडकली. जानेवारी २००२ पासून ती योजना एनएव्हीवर आली. पण तोवर विश्वासास तडा गेला होता.

या क्षेत्राची वाट सुगम आहे, सोपी नाही. द्विनोंदी पद्धतीचा पक्का पाया, बँक व कस्टोडियनच्या नोंदींशी ताळमेळ घालण्याची चिकाटी, एक्सेलवर हुकमत आणि नेटके इंग्रजी एवढी शिदोरी हवी. सेबीने स्थापिलेल्या ‘एनआयएसएम’ची रोखे व्यवहारविषयक प्रमाणपत्र परीक्षाही उपयोगी पडते. आरंभीचे काम तेच ते असते आणि परदेशी फंडांसाठी रात्रपाळीही करावी लागते, हे घरच्यांनी आधीच जाणावे.

आकडेमोड आता संगणक करतो. केवळ कळा दाबणाऱ्याची गरज त्यामुळे घटणारच. कालचा आणि आजचा आकडा जुळत का नाही, हे विचारणारा मात्र टिकेल. स्वतःची चूक ध्यानात येताच, वेळ टळत आली असतानाही, ती वरिष्ठांना सांगण्याचे धैर्य कोणतेही सॉफ्टवेअर देत नाही. ते घरातील संस्कारांतूनच यावे लागते. मुलाच्या पदनामाची चिंता करणाऱ्या पालकांनी या शिदोरीची चिंता आधी करावी.