बैल घरी आणत, ट्रॅक्टर आणत नाही



पूर्वी बाजार करून परतताना रात्र झाली की गाडीवान कासरा सैल सोडी, घोंगडे अंगावर ओढी आणि खुशाल डोळा लावी. बैलांना वाट पाठ असे. पहाटे गाडी आपल्याच दारात येऊन उभी राही. एखादा गडी बाजारात थोडी 'घेऊन' आलेला असे, पण बैल तर शुद्धीवर असत! त्यामुळे निभावून जाई.

आज आपल्या दारात ट्रॅक्टर आहे, मोटारसायकल आहे, काहींच्या दारात पिकअप आहे. काम झपाट्याने होते, ही आनंदाचीच गोष्ट. पण या वाहनांना वाट पाठ नसते. चालवणाऱ्याचे डोळे तेच त्यांचे डोळे. ते मिटले की वाहन आंधळे झाले.

ट्रॅक्टर चालू करण्यापूर्वी आपण तेल पाहतो, रेडिएटरमधले पाणी पाहतो, चाकात हवा पाहतो. बैल जुंपण्यापूर्वी त्याचा खांदा पाहतो, आणि खांदा सुजला असेल तर त्या दिवशी त्याला जुंपत नाही. मात्र सीटवर जो बसणार त्या माणसाला कोणी पाहत नाही. तो आज जुंपण्याजोगा आहे का, हा प्रश्न आपण विचारीत नाही. आजचा विषय हाच आहे.

जागरण

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वीच्या रब्बीत एका गावी गव्हाच्या प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवर आम्ही शिवारफेरी ठेवली होती. शेजारच्या वाडीतील एक होतकरू शेतकरी आदल्या दिवशी मला म्हणाला, "साहेब, आमच्याकडे रात्रीची लाईट आहे. रातभर दारं धरायची आहेत. जरा उशिरा ठेवा की." मी म्हणालो, "वरिष्ठ येणार आहेत, नऊला या म्हणजे झालं." माझ्या शब्दाला मान देऊन तो निघाला. सकाळची वेळ, कोरडा रस्ता, पुढे-मागे वाहन नाही. वळण आले, रस्ता वळला, मोटारसायकल वळली नाही. सरळ चारीत गेली. रस्त्यावर ब्रेक लावल्याची खूणसुद्धा नव्हती. मांडीचे हाड मोडले. त्या साली गव्हाची काढणी त्याच्या मालकिणीने आणि भावाने केली.

दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "साहेब, मी झोपलो नव्हतो हो. नुसता डोळा मिटला." ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. तेव्हापासून बैठकीची वेळ ठरवण्यापूर्वी मी आधी विचारतो, "तुमच्या फीडरला लाईट कधी आहे?"

आता हिशेब पाहा. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. डोळा तीन सेकंद मिटला तर शंभर फुटांहून जास्त अंतर गाडी धन्यावाचून धावते.

जागरण आणि दारू यांची तुलना करणारे एक संशोधन ऑस्ट्रेलियात झाले व १९९७ साली प्रसिद्ध झाले. सतत १७ तास जागा असलेला माणूस, रक्तात दर १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतका मंद होतो, असे त्यात दिसले. २४ तास जागरण झाले तर ही तुलना १०० मिलिग्रॅमपर्यंत जाते. आपल्या देशात कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे पहाटे पाचला उठून दिवसभर राबलेला आणि रात्रभर दारे धरलेला माणूस, दारूला कधी शिवलेला नसला तरी, दुसऱ्या दिवशी गाडीवर बसतो तेव्हा झिंगलेल्यासारखाच असतो.

दिवसाची वीज सगळीकडे पोहोचेपर्यंत रात्रीची पाळी कोणाला चुकणार नाही. ऊस वाहणाऱ्यांनाही कारखान्यावर रांगेत रात्र काढावी लागते. म्हणून एवढे करा. जागरणानंतर निदान चार-पाच तास झोपल्याशिवाय दूरच्या वाटेला लागू नका. पहाटे दोन ते सहा आणि दुपारी दोन ते चार या वेळांत झोप अनावर होते. वाटेत पापण्या जड झाल्या, जांभया सुरू झाल्या, मागचा फाटा कधी गेला ते आठवेना, की गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्या आणि १५-२० मिनिटे डोळे मिटून पडा. चहा घेतला तर त्याचा गुण यायला वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो. तंबाखू मळून किंवा मोठ्याने गाणी लावून झोप जात नाही.

थकलेला माणूस आधी लहान गोष्टी विसरतो. शेतात वळण घेण्यासाठी ट्रॅक्टरच्या दोन्ही ब्रेक पेडलांची कडी आपण सोडतो. रस्त्यावर येताना ती पुन्हा लावायची राहिली आणि घाईत एकाच पेडलवर पाय पडला, तर एकच चाक अडते आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. मागे भरलेली ट्रॉली असेल तर काय होईल ते सांगायला नको.

दारू

"रात्री घेतली होती, आता सकाळ झाली," असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनीही हिशेब पाहावा. एक क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर. त्यात साधारण ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. साठ किलो वजनाच्या माणसाच्या रक्तात तो दर १०० मिलिलिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास जातो. शरीर तासाला सुमारे १५ मिलिग्रॅमच उतरवते. रात्री दहाला घेतलेली क्वार्टर पूर्ण उतरायला सकाळचे आठ वाजतात. सहा वाजता दुधाची किटली घेऊन निघालेला माणूस कायद्याच्या मर्यादेच्या काठावर असतो. हातभट्टीची असेल तर तिचा जोर किती हे गाळणाऱ्यालाही ठाऊक नसते. लिंबू, ताक, गार पाण्याची अंघोळ यांनी माणूस जागा होतो, पण उतरत नाही. उतरवते ती फक्त वेळ.

दारू पिऊन वाहन चालवताना पहिल्यांदा सापडल्यास दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. यावर काही घरांत तोड काढतात: बापाने घेतली आहे म्हणून चावी पंधरा वर्षांच्या पोराच्या हाती! हे आगीतून फुफाट्यात पडणे झाले. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे.

आणखी एक गोष्ट. अपघाती मृत्यू झाल्यास शेतकरी कुटुंबाला दोन लाख रुपये साहाय्य देणारी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना २०२३ पासून राज्यात लागू झाली. नशेच्या अमलाखाली झालेला अपघात तिच्यात बसत नाही. म्हणजे घरचा कर्ता जातो, आणि त्याच्या मागे लेकरांना मिळायचा आधारही जातो.

औषधे आणि फवारणी

औषध घेणे चांगलेच, पण त्याचा स्वभाव ओळखावा. सर्दीच्या आणि अंगाला खाज सुटल्यावर घ्यायच्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते. खोकल्याची काही औषधे आणि दुखण्यावरच्या तीव्र गोळ्या यांचेही तसेच. झोपेच्या गोळीची सुस्ती सकाळपर्यंत राहू शकते. रक्तदाबाच्या गोळीने, विशेषतः ती नवी सुरू झाली असेल तेव्हा, उठताना चक्कर येते. मधुमेहाची काही औषधे किंवा इन्शुलिन घेऊन जेवण चुकवले तर साखर उतरते, हात कापतात, घाम फुटतो, समोरचे सुधरत नाही. अशांनी खिशात साखर किंवा गूळ ठेवावा आणि जेवल्याशिवाय गाडीवर बसू नये. डोळ्यांच्या शिबिरात बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. त्यानंतर काही तास नजर धूसर राहते, म्हणून शिबिराला जाताना गाडी चालवणारा दुसरा माणूस सोबत न्या. डॉक्टरांना एक प्रश्न न लाजता विचारा: "हे घेऊन गाडी चालवली तर चालेल का?"

फवारणी करणाऱ्यांनो, तुमच्यासाठी वेगळे सांगतो. क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉस यांसारखी ऑर्गनोफॉस्फरस गटातील कीटकनाशके कातडीतून आणि श्वासातून अंगात जातात. डोके दुखते, मळमळते, घाम व लाळ सुटते, डोळ्यांची बाहुली बारीक होते आणि नजर अंधुक होते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, हे आपण विसरलेलो नाही. अशी लक्षणे दिसली तर एकट्याने मोटारसायकलवर दवाखाना गाठण्याचे धाडस करू नका. कपडे बदला, साबणाने अंग धुवा, १०८ ला फोन करा किंवा दुसऱ्याला गाडी चालवू द्या. औषधाचा डबा किंवा त्यावरचे लेबल सोबत न्या.

मन

बांधावरून भावाशी भांडण झाले, "बघतोच आता" म्हणत किक मारली. कांद्याचा भाव पडला, पट्टी हातात घेऊन माणूस सुन्न होऊन निघाला. गावाकडून वाईट निरोप आला आणि पोरगा रडत रडत गाडीवर बसला. अशा वेळी डोळे उघडे असतात, पण मन रस्त्यावर नसते. वरातीच्या आनंदातही हेच होते. रागावलेल्या माणसाने पाणी प्यावे, घटकाभर ओट्यावर बसावे. रागाने चाललेला माणूस तहसील कचेरीत दहा मिनिटे उशिरा पोहोचला तर बांध काही हलत नाही. आणि ज्याच्या घरी दुःख झाले त्याला गाडी चालवू देऊ नये. ते काम शेजाऱ्याचे. जसा आपण खांदा द्यायला जातो, तसे गाडी चालवायला जावे.

घरचा नियम

भगिनींनो, हे लेखन मुख्यतः तुमच्यासाठी आहे. चावी कुठे टांगायची आणि कोणाला द्यायची नाही, हे सगळे शुद्धीवर आणि शांत असताना एकदा ठरवून टाका. प्यालेल्या माणसाशी चावीसाठी झटापट करू नका, थोरल्या दिराला किंवा शेजाऱ्याला हाक मारा. चावी फिरवण्यापूर्वी चार प्रश्न विचारायचे: रात्री झोप झाली का? काही घेतले आहे का? कोणते औषध चालू आहे, फवारणी केली आहे का? मन ठिकाणावर आहे का? एकाचेही उत्तर वाकडे आले तर चावी खुंटीवर राहू द्या.

खांदा सुजलेल्या बैलाला आपण एक दिवस विसावा देतो. त्याने आपली पेरणी काही बुडत नाही. तेवढीच माया घरच्या माणसावर करा.