गृहारोग्य : घरांतील इन्फ्ल्युएन्झा

१९१८ सालच्या जून महिन्यांत इन्फ्ल्युएन्झा मुंबई बंदरांत उतरला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरांत त्यानें पुन्हां उचल खाल्ली. हिंदुस्थानांत त्या साथीनें १ कोटीहून अधिक बळी घेतले. एरवीं हा रोग बालवृद्धांस विशेष जाचतो; परंतु त्या वेळीं २० ते ४० वर्षांचीं धडधाकट माणसें फार दगावलीं, आणि त्यांत पुरुषांपेक्षां स्त्रियांचें प्रमाण अधिक होतें. आजाऱ्याची शुश्रूषा त्यांच्याच हातीं असे, हें त्याचें एक कारण मानलें जातें. एकत्र कुटुंबानें ही गोष्ट आजही विसरूं नये.

साधें पडसें हळूहळू चढतें. इन्फ्ल्युएन्झा एकाएकीं गांठतो. हुडहुडी, ताप, डोकेदुखी, मोडून आलेलें अंग व कोरडा खोकला हीं त्याचीं लक्षणें. त्याचा विषाणु १९३३ सालीं मनुष्यांत ओळखला गेला. खोकल्या-शिंकेच्या तुषारांतून व हातांवाटे तो पसरतो. विशेष हें कीं, लक्षणें दिसण्याच्या सुमारें एक दिवस आधींपासूनच रोगी दुसऱ्यास बाधा देऊं शकतो. म्हणून ‘ताप आला कीं निराळें ठेवूं’ एवढ्यानें भागत नाहीं. साबणानें हात धुणें, खोकतांना तोंडावर रुमाल धरणें आणि खिडक्या उघड्या ठेवणें हा नित्याचाच परिपाठ हवा.

रोग्यास हवेशीर, स्वतंत्र खोली द्यावी. शुश्रूषेस एकच निरोगी माणूस नेमावा व त्यानें नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी. हें काम न सांगतांच धाकट्या सुनेकडे जातें. ती गर्भवती वा लेकुरवाळी असल्यास तें तिला मुळींच देऊं नये. घरांतील एखाद्या भावानें तें पत्करल्यास त्यांत कमीपणा कसला? समाचारास येणाऱ्यांसही दारांतूनच निरोप द्यावा. त्यांत अनादर नाहीं.

विषाणु रूप पालटतो, म्हणून लस दरवर्षीं घ्यावी लागते. सहा महिन्यांखालील अर्भकास ती देतां येत नाहीं. गर्भवतीनें व भोंवतालच्या मंडळींनीं ती घेणें हेंच त्याचें संरक्षण होय. प्रतिजैविक औषधें ह्या विषाणूवर चालत नाहींत. मुलांस ॲस्पिरिन देऊं नये. विषाणुरोधक औषध पहिल्या दोन दिवसांत अधिक गुणकारी ठरतें. यास्तव गर्भवती, वृद्ध व अर्भक यांस ताप येतांच डॉक्टरांस कळवावें. धाप लागली, छातींत दुखूं लागलें, भ्रम झाला किंवा उतरलेला ताप पुन्हां चढला, तर कोणाच्याही बाबतींत क्षणाचा विलंब लावूं नये.